कापसाची उलंगवाडी झाली की मोबाईलवर सर्व्हे भरून महिन्याला चार-पाच हजार सुटतील का?

नाही भाऊ, तेवढे नाही सुटत. रिचार्जपुरते निघाले तरी पुष्कळ समजा.

या सर्व्हेंमागे मार्केट रिसर्च कंपन्या असतात. त्यांना बहुधा शहरातला, गाडी-विमा-क्रेडिट कार्डवाला गिऱ्हाईक हवा असतो. म्हणून यवतमाळ-वाशीमच्या खेड्यातला माणूस वय, गाव, उत्पन्न भरतो आणि पाचव्या प्रश्नालाच 'आपण पात्र नाही' येतं, वेळ फुकट. शिवाय ठरावीक रक्कम जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स खरं आहे, पण अँड्रॉइडवर ते प्ले स्टोअरची शिल्लक देतं, रोख नाही. किराणा दुकानात ती कोण घेणार!

खरा धोका वेगळा आहे. 'नोंदणी फी भरा' म्हणणारा चोरच. टेलिग्रामवर आधी शे-दीडशे खात्यात टाकतात, मग मोठ्या 'टास्क'साठी तुमच्याकडूनच हजारो भरून घेतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोणी कमिशनवर तुमचं बँक खातं मागितलं तर मुळीच देऊ नका, त्यातून फसवणुकीचा पैसा फिरवतात आणि पोलीस तुमच्याच दारात येतील. फसलाच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.