चेनसॉचा तुटलेला हँड गार्ड चिकटवून चालेल का, की बदलावाच लागेल?

चिकटवू नका, बदला. आणि बदलून होईपर्यंत करवत बाजूला ठेवा. "एवढी एकच फांदी" म्हणूनसुद्धा चालू करू नका.

तुम्ही लिहिलंय की फांदी पडून पुढच्या हँडलसमोरच्या हँड गार्डचा एका बाजूचा कान, म्हणजे तो करवतीला जोडणारा भाग, तुटला, दुसऱ्या बाजूने तो अजून धरून आहे, करवत पहिल्यासारखीच चालू होते आणि लाकूडही नीट कापते. तिथेच माणूस फसतो. गार्ड नसला तरी करवत कापतच राहते, त्यामुळे हा भाग शोभेचा वाटायला लागतो. फार तर काटेकुटे हाताला लागू नयेत म्हणून बसवलेलं प्लॅस्टिक. खरं तर तो ब्रेकचा दांडा आहे.

चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या, म्हणजे बारच्या, टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, मागच्या ओंडक्याला, लपलेल्या फांदीला, तर चेन तिथे अडकते आणि सगळा जोर उलटा फिरतो. बार वर आणि मागे, तुमच्या तोंडाच्या दिशेने उसळतो. यालाच किकबॅक म्हणतात. पापणी लवायच्या आत सगळं होऊन जातं. त्या क्षणी दोन गोष्टी वाचवतात. डाव्या हाताचं मनगट गार्डवर आदळून तो पुढे ढकलला जाणं ही पहिली. दुसरी अशी की झटका जोराचा असेल तर गार्ड स्वतःच्या वजनामुळे मागे राहतो, म्हणजे करवतीच्या मानाने पुढे जातो, आणि हात न लागताही ब्रेकची स्प्रिंग अडवून धरणारा खटका सुटतो. खटका सुटला की ताणलेली स्प्रिंग पोलादी पट्टा चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवती आवळते आणि चेन थांबते.

आता तुमचा गार्ड बघा. एकच कान शिल्लक आहे. मनगट आदळलं तर तो पुढे जाण्याऐवजी तिरका होईल, पिळला जाईल, कदाचित निखळून पडेल. खटक्यापर्यंत जोर पोचेलच याची खात्री कोण देणार?

चिकटवण्याबद्दल सांगतो, कारण मी ते करून पाहिलंय. हे गार्ड बहुतेक वेळा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि नायलॉनला साधा इपॉक्सी नीट धरत नाही. मी सांधा घासून, दोन थर देऊन, वर तार गुंडाळून चिकटवला होता. दिसायला दगडासारखा झाला. इंजिन बंद असताना मनगटाने जरा जोरात पुढे ढकलून पाहिला, तर त्याच रेषेवर टक्कन सुटला आणि आतली चकचकीत, अजिबात न चिकटलेली बाजू समोर आली. ते बघून माझे हात थंड पडले होते, कारण त्याच दुपारी मी ती करवत घेऊन झाडावर चढणार होतो. काही जण गार्डला पत्र्याची पट्टी मारून मजबूत करतात. तेही नको. झटक्याने लागणारा ब्रेक गार्डच्या वजनावर चालतो, वजन बदललं की त्याचं वागणं बदलतं. या गार्डच्या मजबुतीसाठी आयएसओ ६५३४ नावाचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. घरची पट्टी त्या कसोटीतून गेलेली नसते.

नवीन गार्ड घेताना करवतीचा नेमका मॉडेल नंबर द्या. दिसायला सारख्या दोन मॉडेलच्या गार्डांत कानांमधलं अंतर किंवा खटक्याला भिडणाऱ्या टोकाचा आकार वेगळा असू शकतो. जुना गार्ड तोवर फेकू नका. माझ्या करवतीत त्याच्या भोकात एक छोटी धातूची नळी होती, नखाएवढी. ती नव्या गार्डसोबत आली नाही आणि जुना तर मी टाकून दिला होता. नळीशिवाय बोल्ट आवळला की गार्ड जाम व्हायचा, सैल ठेवला की डुगडुगायचा. शेवटी कचऱ्यातून शोधून काढली. म्हणून नवा आणि जुना शेजारी ठेवून प्रत्येक भोक, प्रत्येक खाच जुळवून बघा.

काम अवघड नाही, पण स्प्रिंगला मान द्या. इंजिन गार झालेलं असू दे. स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा, बॅटरीची करवत असेल तर बॅटरीच काढा. डोळ्यांवर गॉगल आणि चेन हाताळताना हातमोजे हवेतच. गार्ड मागे, हँडलकडे ओढून ब्रेक सोडा आणि मगच बारचे नट काढून बाजूचं कव्हर उतरवा. ब्रेक लागलेला असताना बऱ्याच करवतींचं कव्हर निघतच नाही, आणि लोक तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात. मग बार आणि चेन काढून घ्या.

पुढचं तुमच्या करवतीच्या रचनेवर आहे. काहींमध्ये पट्टा आणि स्प्रिंग कव्हरमध्येच असतात, काहींमध्ये इंजिनाच्या बाजूला, एका छोट्या झाकणाखाली. गार्ड दोन्ही बाजूंनी धरलेला असतो, कुठे बोल्टने, कुठे ई-क्लिपने (खाचेत बसणारी इंग्रजी E च्या आकाराची छोटी क्लिप). काहींची एक बाजू तर स्टार्टरचं कव्हर काढल्याशिवाय सुटत नाही. स्प्रिंगला हात लावायची वेळ आलीच तर आधी ब्रेक लागलेल्या स्थितीत आणा, कारण ब्रेक सुटलेला असताना स्प्रिंग सर्वात जास्त ताणलेली असते. तरी थोडा ताण उरतोच, म्हणून वर जाडसर फडकं धरा. ई-क्लिप काढतानाही तसंच. ती उडाली की भुशात सापडत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. जोडताना त्या फोटोंइतकं काही कामाला येत नाही.

उघडलंच आहे तर आतला तेलात मळलेला भुसा ब्रशने साफ करा. तो खटक्यात बसला की नवा गार्डही जडच चालतो. पट्ट्याची जाडीही बघून घ्या. हुस्क्वार्ना या करवत कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सर्वात पातळ जागी किमान ०.६ मिमी हवी असं दिलंय, तुमच्या मेकची मर्यादा त्यांच्या मॅन्युअलमध्ये पाहा. ग्रीस लावायचं ते फक्त गार्ड ज्यावर फिरतो त्या जागी, बोटाच्या टोकावर येईल इतकंच. पट्ट्याला किंवा ड्रमला ग्रीस लागलं तर ब्रेक घसरणार.

जोडून झालं की इंजिन बंद ठेवूनच गार्ड पाच-सहा वेळा पुढे-मागे करा. दोन्हीकडे स्पष्ट खट् असा आवाज यायला हवा, मध्ये कुठे अडकायला नको. ब्रेक लावून चेन हाताने ओढून बघा, हातमोजा घालून. हलता कामा नये. मग करवत मोकळ्या, टणक जमिनीवर चालू करा. चेन कशालाही टेकत नाही ना बघा. दोन्ही हातांनी घट्ट धरून फुल थ्रॉटल द्या आणि पुढचं हँडल न सोडता डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. थांबली की लगेच थ्रॉटल सोडा, नाहीतर क्लच जळेल. झटक्याने लागणारा ब्रेक तपासायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. इंजिन बंद करून बारचं टोक ओंडक्यावर पडू द्यायचं असतं. तीही करा.

चेन थोडी फिरून मग थांबत असेल, किंवा पट्ट्यापर्यंत जायला क्लचच काढावा लागत असेल, तर पुढे न जाता मेकॅनिककडे न्या. बऱ्याच करवतींमध्ये क्लचचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतो.