क्रिएटिनिन नॉर्मल, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न : वडील 58 वर्षांचे. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. त्यांना बारा वर्षांपासून शुगर. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) 0.9, बीपी 128/78. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 180 निघालं, पुन्हा केली तरी तेवढंच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली. अण्णा म्हणतात, ‘‘मला बीपी नाही, किडनी चांगली आहे, गोळी घेणार नाही.’’ कसं समजावू?

उत्तर : अण्णांना ठिबकच्या फिल्टरपाशी न्या. आमच्या घरची द्राक्षबाग, त्यामुळे मला दुसरा दाखला सुचत नाही.

एकेका किडनीत असे सुमारे दहा लाख फिल्टर असतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की गुंत्यात रक्त आणणारी वाहिनी सैलावते आणि बाहेर नेणारी आवळते. म्हणजे मागचा कॉक सताड उघडा, पुढचा अर्धा बंद. दंडावर बीपी 128 दिसू दे, जाळीवरचा दाब वाढलेलाच. त्यात साखरेमुळे गाळणीचा पापुद्रा जाड होतो, पण त्याला बाहेरून धरणाऱ्या पेशी गळून पडतात. मग एरवी आत राहणारं अल्ब्युमिन लघवीत झिरपतं. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते 30 मिलिग्रॅमच्या आत हवं. अण्णांचं 180 आहे.

रक्तातल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर विसंबू नका. निम्मे फिल्टर बाद झाले तरी उरलेले ओझं ओढतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. माझ्या मामांचं तसंच झालं. पुढे तर त्यांचं इन्सुलिन कमी कमी लागायला लागलं, तेव्हा घरात पेढे वाटले. खरं तर इन्सुलिनचा निचरा करणारी किडनीच थकली होती. मी तेव्हा शिकत होतो, मीही पेढा खाल्ला.

टेल्मिसार्टन तो पुढचा कॉक सैल करते, म्हणून बीपी नसतानाही देतात. दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन किंचित वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी विचारा.

आणि फवारणीनंतर पाठ धरली की अण्णा मेडिकलमधून कोणती गोळी आणतात? दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रक्त आणणारी वाहिनीच आवळतात. पाकीट डॉक्टरांकडे घेऊन जा.