वाचकांचे प्रश्न : नमुना ६ एकदाच, त्यानंतर नमुना ८

मतदार नोंदणीच्या अर्जांविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ दिसला, तो म्हणजे कोणत्या कामासाठी कोणता नमुना भरायचा. त्यामुळे तोच प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : लग्नानंतर मी कोल्हापूर जिल्ह्यातून ठाण्याला राहायला आले. माहेरच्या यादीत माझे नाव आहे. नव्या पत्त्यावर नाव लावण्यासाठी नमुना ६ भरा, असे सोसायटीतील एका गृहस्थांनी सांगितले. मला सासरचे आडनावही लावायचे आहे. घराचे वीजबिल सासूबाईंच्या नावावर आहे. नेमके काय करावे?

त्या गृहस्थांचा सल्ला जुन्या पद्धतीला धरून आहे. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी एका मतदारसंघातून दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्या मतदाराला नमुना ६ भरावा लागे, आणि मतदारसंघातल्या मतदारसंघात घर बदलणाऱ्यासाठी नमुना ८ अ होता. त्या तारखेपासून ८ अ रद्द झाला, आणि नमुना ६ हा ज्यांचे नाव देशातील कोणत्याही मतदार यादीत नाही, अशा नव्या मतदारांपुरताच राहिला. आता पत्ता बदलणे, नोंदीतील दुरुस्ती, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या ओळखपत्राऐवजी दुसरे मिळवणे आणि दिव्यांगत्वाची नोंद करणे ही चारही कामे नमुना ८ वर होतात. आपण नमुना ६ भरलात, तर आपले नाव इतरत्र कोठेही नोंदलेले नाही, असे त्यातील प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागेल, आणि ते खरे नसेल.

तेव्हा नमुना ८ घ्यावा आणि त्यात स्थलांतराच्या चौकटीत ‘मतदारसंघाबाहेर’ या पर्यायावर खूण करावी. माहेरच्या ओळखपत्राचा क्रमांक (तीन इंग्रजी अक्षरे आणि सात अंक) न चुकता लिहावा, कारण त्याच क्रमांकावरून जुनी नोंद शोधून वगळली जाते. हा क्रमांक मतदाराला एकदाच मिळतो आणि घर, जिल्हा किंवा आडनाव बदलले तरी तोच राहतो. एका अर्जात चारपैकी एकाच कामावर खूण करायची असल्यामुळे आडनावाची दुरुस्ती वेगळ्या नमुना ८ ने करावी लागेल. आधी स्थलांतर मंजूर होऊ द्यावे, मग विवाह नोंदणी प्रमाणपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा, हा क्रम सोयीचा पडतो. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, हेही या निमित्ताने नमूद करतो. नातेवाईक म्हणूनही पतीचेच नाव द्यावे लागते असे नाही, वडिलांचे किंवा आईचे नाव चालते.

आता वीजबिलाविषयी. पत्त्याचा पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर असावा, किंवा त्याच पत्त्यावर आधीच मतदार असलेल्या आई, वडील, पती, पत्नी अथवा सज्ञान अपत्याच्या नावावर असावा. या यादीत सासू नाही. त्यामुळे सासूबाईंचे बिल नुसते जोडून भागेलच असे नाही. पतींचे नाव त्या पत्त्यावर यादीत असल्यास त्यांच्या बँकेच्या चालू पासबुकाची किंवा पारपत्राची प्रत जोडावी, अथवा आपल्या आधारवरील पत्ता बदलून घेऊन त्याची प्रत द्यावी. हाताशी काहीच नसले तरी अर्ज अडत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना बीएलओ म्हणतो ते, घरी येऊन प्रत्यक्ष पडताळणी करतात.

प्रश्न : गावी वडिलोपार्जित घर आणि शेती आहे. नोकरीनिमित्त मी बावीस वर्षे पुण्यात राहतो. गावच्या यादीत नाव आहे, पुण्यातही लावले तर काय बिघडते? मत मी एकाच ठिकाणी देईन.

मत एकदाच द्यायचे हा झाला मतदानाचा नियम. नोंदणीचा नियम त्याच्याही आधी येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ नुसार एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांच्या यादीत असता कामा नये, आणि कलम १८ नुसार एकाच मतदारसंघात ते दोनदा असता कामा नये. आपण दुसऱ्या ठिकाणी मतदानाला गेलात की नाही, याला या दोन कलमांत काहीही महत्त्व नाही. नाव दोन ठिकाणी नसल्याचे प्रतिज्ञापत्र देऊन अशी नोंद करवली आणि ते खोटे आहे हे देणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नाव कोठे असावे, याचा निर्णय ‘सर्वसाधारण रहिवासी’ या शब्दांवर होतो. कलम २० स्पष्ट सांगते की एखाद्या ठिकाणी घर मालकीचे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. सातबाऱ्यावर नाव असणे आणि मतदार यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे वाक्य गावाकडच्या कित्येकांना पटत नाही, याची मला कल्पना आहे. याची दुसरी बाजूही कायद्याने तितकीच जपलेली आहे. तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास मोडत नाही. बीडचा ऊसतोड कामगार गळीत हंगामातील काही महिने कारखान्याच्या फडावर राहतो, म्हणून त्याचे गावच्या यादीतील नाव जात नाही, कारण तो परतण्यासाठीच गेलेला असतो. बेघर माणसाची नोंद कशी होते ते पाहिले, तर या कलमाचा अर्थ अधिक नेमका कळतो. त्याच्याकडून पत्त्याचा कागद मागितला जात नाही. अर्जात लिहिलेल्या जागी तो खरोखरच झोपतो की नाही, हे पाहण्यासाठी बीएलओने रात्री तेथे जायचे असते. कागदापेक्षा मुक्काम मोठा मानणारी अशी तरतूद सरकारी कामकाजात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

बावीस वर्षांचा आपला मुक्काम पुण्यात आहे. तेव्हा नमुना ८ भरून नाव गावाहून पुण्याला आणावे. दोन्हीकडे आधीच नाव लागलेले असल्यास, जेथे आपण राहत नाही तेथील नोंद वगळण्यासाठी नमुना ७ द्यावा.

प्रश्न : माझ्या मुलाला १४ ऑगस्टला अठरा वर्षे पूर्ण होतात. आता पुढच्या जानेवारीतच नाव लागेल, असे कळले. हे बरोबर आहे का?

पूर्वी बरोबर होते. तेव्हा अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात तो दिवस, वर्षातून एकच, १ जानेवारी हा होता, आणि २ जानेवारीला जन्मलेल्या मुलाला अठरा पूर्ण होऊनही जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. निवडणूक कायद्यांच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले. आपल्या मुलासाठी यंदाचा १ ऑक्टोबर लागू होईल. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो, त्यामुळे वाढदिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये लागू झाली, म्हणजे घरातील आजोबांना ही संधी बहुधा तीन वर्षे उशिराच मिळाली असणार.

जन्मतारखेसाठी जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, यांपैकी एक पुरते.

प्रश्न : ऑनलाइन अर्ज करताना माझे आडनाव मराठीत आपोआप ‘डेट’ असे उमटले. मी दाते आहे. ते नंतर दुरुस्त होते का?

दुरुस्त होते, पण नंतर कशाला? अर्ज दाखल करण्यापूर्वीच ते करता येते. इंग्रजीत नाव टंकले की मराठीची चौकट संगणक आपल्या अंदाजाने भरतो, आणि त्या अंदाजाला ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्याशी फारसे सख्य नाही. काळे यांचे काले होतात, माने यांचे मने होतात, आणि दात्यांचे तर आपण सांगितलेच. अर्जदार इंग्रजी चौकट तीनदा तपासतो आणि मराठीकडे पाहतही नाही. मराठी चौकटीतील शब्द खोडून मराठी कळफलकावर नीट लिहावा. हीच तपासणी वडिलांच्या किंवा पतीच्या नावाची, गल्लीच्या नावाची आणि गावाच्या नावाचीही करावी. नावामागे श्री., सौ., कुमारी अशी उपपदे लावू नयेत. छायाचित्र साडेचार सेंटिमीटर बाय साडेतीन सेंटिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चेहरा समोरून पूर्ण दिसणारे आणि डोळे उघडे असलेले हवे. समारंभातील गटचित्रातून कापलेला चेहरा बहुधा या कसोटीला उतरत नाही.

प्रश्न : वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थिनीने नाव कोठे लावावे?

घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी कोठेही, मात्र दोन्हीकडे नाही. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असल्यास तेथे राहत असल्याचे शिक्षणसंस्थेच्या प्रमुखांचे प्रमाणपत्र जोडावे. घरच्या यादीत आधीच नाव असेल, तर अर्थातच नमुना ८.

प्रश्न : आधार क्रमांक दिला नाही तर अर्ज फेटाळला जातो का?

नाही. आधार देणे ऐच्छिक आहे, आणि पुरेशा कारणास्तव तो देता आला नाही म्हणून नोंदणी नाकारता येणार नाही, असे २०२१ च्या दुरुस्तीतच लिहिलेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयापुढेही आधार क्रमांक अनिवार्य नसल्याचे सांगितले. आधीपासून मतदार असलेल्यांकडून जो नमुना ६ ब भरून घेतला जातो, तो आधार क्रमांक कळवण्यासाठीच असतो.

प्रश्न : वडिलांचे निधन होऊन तीन वर्षे झाली, तरी यादीत नाव येते. शिवाय, कोणी खोडसाळपणे माझेच नाव वगळण्याचा अर्ज दिला तर काय?

दोन्हींसाठी नमुना ७ च आहे. वडिलांच्या बाबतीत तो आपण भरून मृत्यू दाखल्याची प्रत जोडावी. हे काम कुटुंबीयांकडून टाळले जाते, आणि त्यामागचे कारण मनाचे असते हेही समजते, पण यादी फुगण्याचे एक मोठे कारण हेच आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की त्या मतदारसंघातील कोणताही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो, मात्र त्याला स्वतःची ओळख देऊन सही करावी लागते आणि खोटे लिहिल्यास वर सांगितलेले कलम ३१ त्यालाही लागू होते. आपण तेथे राहत नाही किंवा नोंदणीस पात्र नाही, अशा कारणावरून नाव वगळायचे असेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यायलाच हवी. अशी नोटीस आली, तर ती बाजूला ठेवू नये. आदेश विरुद्ध गेला, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नमुना ६ किंवा ८ फेटाळला गेल्यासही मार्ग हाच आहे, आणि त्यासाठी अर्जाच्या पोचपावतीवरील संदर्भ क्रमांक जपून ठेवलेला बरा.

प्रश्न : मी विधानसभेचा मतदार आहे. पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव आपोआप येते का?

येत नाही. त्यासाठी नमुना १८ वेगळा भरावा लागतो, शिक्षक मतदारसंघासाठी नमुना १९. तेथे अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो, पदवी मिळून त्या दिवसापर्यंत किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, आणि यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागील वेळी नाव होते, म्हणून या वेळी असेलच असे धरून चालणाऱ्या पदवीधरांची मतदानाच्या दिवशी निराशा होते.

प्रश्न : निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर चालतो का? ओळखपत्र तर माझ्याकडे आहेच.

ओळखपत्र हातात असणे आणि यादीत नाव असणे यांत फरक आहे, मतदान यादीवर चालते. म्हणून आधी निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर नाव तपासावे. नाव नसल्यास अर्ज लगेच करावा, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर ती निवडणूक पूर्ण होईपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नव्याने नाव घेता येत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी सात दिवस राखून ठेवावे लागतात. अर्थात अगदी शेवटच्या दिवसांत आलेला अर्ज घेतला गेला, तरी त्या निवडणुकीच्या उपयोगी पडत नाही.

महापालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक असेल, तर हिशेब आणखी वेगळा होतो. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करत नाही. तो एक तारीख ठरवतो आणि त्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी प्रभागनिहाय विभागून वापरतो. त्या तारखेनंतर मंजूर झालेले आपले नाव विधानसभेच्या यादीत दिसेल, ओळखपत्रही घरी येईल, पण त्या निवडणुकीच्या प्रभाग यादीत ते नसेल.