पळायचंच असेल तर ठाण्याकडे

प्रश्न : संध्याकाळी कापसाची ट्रॉली जिनिंगवर नेताना माझ्या चालकाकडून मोटारसायकलला धडक बसली. फाट्यावरचे लोक धावून आले, तसा तो ट्रॅक्टर सोडून वावरातून पळाला. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला आहे. गावात म्हणतात, आता दहा वर्षांची शिक्षा, त्यापेक्षा दुसऱ्याला चालक म्हणून उभा कर. काय करावं?
— ट्रॅक्टरमालक, केळापूर तालुका

उत्तर : दहा वर्षांची धास्ती आधी काढून टाका. ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, त्या याच कलमामुळे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत नेमकं हे उपकलम वगळलं होतं. शिवाय ते मृत्यू झाला तरच लागतं.

तुमच्या चालकावर लागू शकतात ती कलमं अशी. बेदरकार चालवण्याबद्दल न्याय संहितेचं २८१, म्हणजे सहा महिने किंवा हजार रुपये दंड. हाड मोडलं ती गंभीर दुखापत, त्यासाठी १२५(ब), म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. न कळवता पळाल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १८७ : सहा महिने किंवा पाच हजार, दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्ष किंवा दहा हजार. तिन्हींमध्ये कैद आणि दंड दोन्ही एकदमही होऊ शकतात. पण तिन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत. लपून बसल्यानं यातलं काहीच कमी होत नाही.

जमावाची भीती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, जखमीला दवाखान्यात न्या. जमाव खवळल्यामुळे ते जमलं नाही तर तेवढी सूट. पण जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, खबर द्यायला सूट नाही. घटनास्थळावरून पाय काढला तरी वाट ठाण्याचीच धरायची. जाता जाता ११२ आणि १०८ ला फोन केला, तर मोबाइलमधली वेळ पुढं पुराव्याला येते. पोलीस पाटलांना सांगितलं म्हणजे ठाण्यात कळवलं असं होत नाही. त्यांना सोबत न्या, ते उत्तम.

चोवीस तास उलटले असले तरी चालकाला हजर करा. लायसन, आरसी, विमा पॉलिसी आणि त्याचं आधार बरोबर असू द्या. पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसनचा तपशील देणं कलम १३३ नुसार मालकाचं काम आहे. बदली माणूस उभा केलात तर तुमच्यावरच न्याय संहितेचं कलम २३८ येऊ शकतं, कारण आरोपीला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं हाही गुन्हाच. आणि हे बिंग फुटतं कुठं? जखमीच्या जबाबात, फाट्यावरच्या साक्षीदारांत, मोबाइलच्या लोकेशनमध्ये. एकदा फुटलं की विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

ट्रॉली धुऊ नका, फुटलेला दिवा बदलू नका. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर तपासतो. तपासणीआधी केलेली डागडुजी पुरावा मिटवल्यासारखी दिसते. विमा कंपनीला लेखी कळवताना पॉलिसी क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमीची माहिती, चालकाचं नाव आणि लायसनचा तपशील लिहा. पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आहे का, तेही बघा. भरलेला कापूस दुसऱ्याचा आणि भाड्याचा असेल, तर शेतीवापराच्या पॉलिसीवर वाद हमखास होतो. तेव्हा वकिलाला खरं सांगा.

प्रश्न : पहाटे कारची बैलाला ठोस लागली. माणूस कुणी नव्हता, म्हणून निघून आलो. यातही गुन्हा होतो का?
— वाचक, आर्णी

उत्तर : होतो. बैल ही दुसऱ्याची मालमत्ता, आणि कलम १३४ मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू आहे. थांबण्याबद्दलच्या कलम १३२ मध्ये तर जनावरांची यादीच दिली आहे : घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, बकरी. (कुत्रा त्यात नाही, आपला रोही म्हणजे नीलगायही नाही.) मालकानं मागितलं तर नाव-पत्ता द्यावाच लागतो. आजच ठाण्यात आणि विमा कंपनीला कळवा. बैल दगावला असेल तर पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल व्हायला हवा. भरपाईचा आकडा त्यावरच ठरतो.

प्रश्न : हायवेवर भावाला अज्ञात वाहनानं उडवलं, तो गेला. गाडी सापडत नाही. भरपाई मिळते का?
— वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : मिळते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आहेत. अर्ज अपघात झाला त्या भागाच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. राहत्या तालुक्यात दिला तर कागद तिथंच अडकतो. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृताचे व वारसाचे ओळखपत्र आणि पासबुकची प्रत जोडा. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. चौकशी अहवालाला एक महिना आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीला पंधरा दिवस ठरले आहेत. पोच घेतली असेल तरच हा हिशेब विचारता येतो. एफआयआरमध्ये ‘अज्ञात वाहन’ असंच लिहिलंय ना, ते वाचून घ्या. अंदाजानं कुणाचा क्रमांक घालू नका. पुढं गाडी खरंच सापडली, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो आणि तिथल्या भरपाईतून ही रक्कम वळती होते.