लहान मुलांच्या इसबात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा वाटा किती? अँटिऑक्सिडंट सिरप द्यावं का?

सिरप देऊ नका. पैसे वाया जातातच, शिवाय त्या नादात खरं औषध बंद पडतं.

माझ्या मुलीला सहाव्या महिन्यापासून इसब. आधी गाल, मग कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घड्या. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. गणपतीत सगळे जमलेले असताना थोरल्या जाऊबाईंनी असंच एक महागडं सिरप आणून दिलं. "अगं, हे दे आणि ते स्टिरॉइड बंद कर आधी. इसब दाबला की दमा होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्टिरॉइडचं मलम बंद केलं नाही, आणि आमच्यात कित्येक महिने अबोला होता.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकल्स नावाच्या अस्थिर रेणूंनी पेशींना होणारी इजा, खोटा नाही. इसब असलेल्या मुलांच्या लघवीत डीएनएच्या झिजेची खूण जास्त सापडते, हे जपानी डॉक्टरांनी २००१ मध्येच दाखवलं. सुजलेल्या त्वचेतल्या पेशी फ्री रॅडिकल्स सोडतात, त्यांनी त्वचेतला स्निग्धांश खराब होतो, कोरडेपणा वाढतो, खाज सुटते, नखं लागतात, की पुन्हा सूज. पण मूळ बरेचदा त्वचेच्या कच्चेपणात असतं. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध २००६ मध्ये सापडला. तो दोष सिरपने कसा भरून निघणार? व्हिटॅमिन ई, डी, झिंक, फिश ऑइल या सगळ्यांवरचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये तपासले. इसबाला फायदा होतो असा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही.

सूज उतरली की हे चक्र मंदावतं, आणि सूज उतरवतं ते मलमच. आमच्या डॉक्टरांनी माझ्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर पेनाने रेघ मारून दिली होती: ट्यूबमधून टोकापासून इथपर्यंत मलम काढायचं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, तेही सढळ हाताने.

अर्थात मलम कुठलं आणि किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवणार. केमिस्टने दिलेलं क्लोबेटासोल या फार तीव्र स्टिरॉइडचं मिश्रण मुलाच्या गालाला लावू नका. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद करा. रक्ततपासणीत एखादं व्हिटॅमिन खरंच कमी निघालं तर ते द्यायचंच, पण ते इसबाचं औषध नव्हे.

आणि दम्याचं म्हणाल, तर इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो, कारण दोन्हींची प्रवृत्ती एकच. माझ्या मुलीला अजून झालेला नाही. उद्या झालाच, तरी तो मलमामुळे नसेल, हे जाऊबाईंनाही मी असंच तोंडावर सांगेन.