सॉकेट तेच, तरी स्क्रीन काळी : चुकीचा मदरबोर्ड विकणाऱ्याकडून पैसे कसे मिळवायचे?

प्रश्न : गुहागर तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, एकटाच चालवतो. वीज येता-जाता कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. प्रोसेसर आय५-८४०० आहे. चिपळूणच्या एका दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोसेसरचा फोटो पाठवून ‘याला चालेल असा बोर्ड द्या’ असं लिहिलं. ‘११५१ सॉकेट आहे, चालेल’ असं उत्तर आलं. ४,२०० रुपये यूपीआयने दिले, एच११० बोर्ड एसटी पार्सलने आला. गावातल्या तंत्रज्ञाने ५०० रुपये घेऊन बसवला. पंखा फिरतो, स्क्रीनवर काही येत नाही. दुकानदार आधी म्हणाला प्रोसेसर गेलाय, मग म्हणाला तुमच्या माणसाने पिना वाकवल्या. आता म्हणतो, आणखी ३,००० द्या, सातव्या पिढीचा प्रोसेसर देतो. पावती साधी आहे, त्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे. मात्र ‘मला खराब बोर्ड विकला’ असं लिहून तक्रार केलीत तर बहुधा हराल, कारण तो बोर्ड खराब नाही. दुकानदार त्यात सहाव्या पिढीचा प्रोसेसर घालून ग्राहक आयोगापुढे चालवून दाखवेल आणि तुमची तक्रार तिथेच संपेल. तुमची तक्रार सदोष मालाची नाही. सांगितलेल्या कामासाठी अयोग्य माल दिला आणि चुकीची खात्री दिली, अशी ती आहे.

आधी तांत्रिक बाजू पक्की करा, कारण सामनेवाल्याचा वकील पहिला वार तिथेच करेल. ‘सॉकेट ११५१च आहे ना?’ हो, आहे. इंटेलने २०१५ मध्ये सहाव्या पिढीसोबत एलजीए ११५१ हे सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आणलं, सातवी पिढीही त्यातच चालली. या दोन पिढ्यांचे बोर्ड १०० आणि २०० मालिकेचे. तुमचा एच११० त्यातला. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली (तुमचा आय५-८४०० याच पिढीचा) तेव्हा पिनांची संख्या ११५१च राहिली, खाचाही त्याच जागी, पण पिनांची कामं बदलली. वीज पुरवणाऱ्या पिना १२८ च्या १४६ झाल्या, ग्राउंडच्या ३७७ च्या ३९१, आणि राखीव ठेवलेल्या ४६ वरून २५ वर आल्या. त्यामुळे आय५-८४०० एच११० मध्ये अलगद बसतो, पट्टी बंद होते, पंखाही फिरतो. संगणक मात्र सुरू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो : एच३१०, बी३६०, बी३६५, एच३७०, झेड३७० किंवा झेड३९०. बायोस म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. ‘बायोस अपडेट करून देतो’ असं दुकानदार म्हणाला तर १०० मालिकेच्या बोर्डांना आठव्या पिढीसाठी इंटेलचा अधिकृत पाठिंबा नाही, एवढं उत्तर पुरे. काही हौशी मंडळी बदललेला बायोस टाकून आणि पिनांवर चिकटपट्टी लावून हे जमवतात. तो प्रयोग तुमच्या बोर्डावर करू देऊ नका. बोर्डची वॉरंटीही जाईल आणि पुरावाही.

आता कायदा. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६(१) नुसार ग्राहकाने माल कशासाठी हवा ते विक्रेत्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला, तर तो माल त्या कामाला योग्य असण्याची अट विक्रीत आपोआप येते. विक्रेता त्या मालाचा नेहमीचा व्यापारी असला पाहिजे, आणि तुमचा तसा आहे. याच कलमाला एक परंतुक आहे, आणि संगणकाच्या सुट्या भागांच्या तक्रारी त्यावरच अडकतात. ग्राहकाने स्वतःच एखादी वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असेल तर योग्यतेची ही अट लागत नाही. ‘अमुक कंपनीचा एच११० द्या’ असं तुम्ही लिहिलं असतंत तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं. तुम्ही प्रोसेसरचा फोटो पाठवलात, ‘याला चालेल असा’ म्हणालात आणि तो ‘चालेल’ म्हणाला. तुमचं सगळं प्रकरण या दोन संदेशांवर उभं आहे.

म्हणून ते संदेश जपा. स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून तारीख, वेळ आणि दुकानदाराचा नंबर दिसेल असं छापा आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. फोन निकाल लागेपर्यंत फॉरमॅट करू नका, विकूही नका. मूळ फोटो गॅलरीत राहू द्या. प्रोसेसरच्या झाकणावरचा क्रमांक त्यात वाचता येतो का, ते आजच तपासा.

‘प्रोसेसर गेलाय’ हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तुमचा जुना बोर्ड विजेच्या धक्क्याने जळला, त्यात प्रोसेसरही गेला असणं शक्य आहे. दुसऱ्या दुकानात ३०० मालिकेच्या बोर्डावर, चालू असल्याची खात्री असलेली एक रॅम लावून तो तपासून घ्या आणि दुकानाच्या छापील कागदावर बोर्डचं मॉडेल, प्रोसेसरचा क्रमांक, तारीख आणि निकाल लिहून घ्या. प्रोसेसर चालला तर प्रश्नच मिटला. नाही चालला तरी बोर्डच्या किमतीवरचा तुमचा हक्क जात नाही, कारण धडधाकट आय५-८४०० सुद्धा त्या बोर्डावर चालला नसता. अशा वेळी प्रोसेसरची किंमत मात्र दुकानदाराकडे मागू नका.

वाकलेल्या पिनांचा आरोप जास्त अडचणीचा आहे. या प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. त्यामुळे बसवताना हात चुकला तर नुकसान बोर्डचं होतं आणि ते वॉरंटीत बसत नाही. प्रोसेसर काढून सॉकेटवर तिरका प्रकाश पाडा आणि जवळून स्पष्ट फोटो घ्या. सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकली पाहिजेत. वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका. बसवणाऱ्या तंत्रज्ञाचं शपथपत्र घ्या : बोर्ड सीलबंद आला होता का, सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण होतं का, बसवल्यावर काय दिसलं. पिना वाकल्या असतील तर रक्कम कमी होऊ शकते. चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही.

खोक्यावर काय छापलंय ते पाहा. त्यावर ‘सहावी/सातवी पिढी’ असं असेल तर दुकानदार म्हणेल, वाचून बसवायचं होतं. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. उत्तर असं द्या की खोकं पैसे दिल्यानंतर हातात आलं आणि तोवर लेखी खात्री मिळालेली होती. बोर्डावरचं मॉडेल आणि रिव्हिजन क्रमांक वाचून उत्पादकाच्या संकेतस्थळावरची त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी (त्यावर कोणते प्रोसेसर चालतात ती) छापून जोडा. आय५-८४०० तिच्यात नसेल तर प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज उरत नाही. ग्राहक कायद्यात विनातपासणी तक्रारीला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने अशी मुदत आहे. प्रत्यक्षात दोन्ही लांबतात, पण लांबण्याचं एक कारण तरी कमी होईल.

शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. तुमचा माल ‘सदोष’ नाही असा वाद होईलच, म्हणून भिस्त माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ वरच ठेवा. नुसता शिक्का त्यातली अट आपोआप रद्द करत नाही. साध्या पावतीसोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि एसटी पार्सलची पावती जोडलीत की खरेदी सिद्ध होते.

दुसरा आक्षेप येईल तो ‘हा ग्राहक नाही, दुकानासाठी घेतला’ असा. व्यावसायिक वापरासाठी घेतलेला माल कायद्याबाहेर आहे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेला माल त्याला अपवाद आहे. ‘तक्रारदार हा व्यवसाय एकटा, उदरनिर्वाहासाठी करतो’ हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हवं. लोक नेमकं तेच विसरतात.

३,००० रुपयांची ऑफर नाकारा, तीही लेखी. सातव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डावर चालेल, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळजवळ सगळे आठव्या पिढीपासून पुढचे आहेत आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गिऱ्हाइकांचे आधार आणि बँक तपशील भरणाऱ्या संगणकासाठी पदरचे पैसे घालून मागे जाणं शहाणपणाचं नाही. ३०० मालिकेचा बोर्ड बदलून देत असेल तर जरूर घ्या. घेताना तुमची जुनी रॅम त्यावर चालते का आणि मॉनिटरच्या केबलला जुळणारं पोर्ट आहे का, ते पाहा. बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणू शकतं. संगणकासोबत आलेला परवाना सहसा जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो. त्याचा खर्च दुकानदारावर टाकता येणार नाही.

एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. २०१८ चा बी४५० बोर्ड रायझन ५ ५६०० प्रोसेसर घालून काळा राहिला तर बहुधा बायोस जुना असतो. दुकानदाराने तो मोफत अपडेट करून दिला तर पैसे परत मागण्याचं कारणच उरत नाही.

पहिलं काम आजच करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टने असं लिहा : ‘माझ्या आय५-८४०० प्रोसेसरसाठी तुम्ही “चालेल” अशी लेखी खात्री देऊन अमुक मॉडेलचा, अमुक अनुक्रमांकाचा बोर्ड दिलात. तो या प्रोसेसरला चालत नाही. मी तो स्वीकारत नाही. बोर्ड माझ्याकडे सुरक्षित आहे, तुम्ही तो घेऊन जाऊ शकता. १५ दिवसांत ४,२०० रुपये आणि बसवण्याचे ५०० रुपये द्यावेत.’ ‘मी तो स्वीकारत नाही’ हे शब्द गाळू नका. वाजवी मुदतीत नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि मग परतीऐवजी फक्त नुकसानभरपाई मागता येते. नकार कळवल्यावर बोर्ड चिपळूणला पोचवण्याची जबाबदारी तुमची नाही. माल विक्री अधिनियमाचं कलम ४३ तेच सांगतं.

तोवर बोर्ड त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खाऱ्या हवेत पोर्टवर गंज चढायला वेळ लागत नाही, आणि मग आणखी एक सबब तयार होते.

मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यातून सुटलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला असता तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालली असती. नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवलं आहे. उत्पादक कंपनीला पक्षकार करू नका, तिने काही चूक केलेली नाही आणि नोटीस बजावण्यातच महिने जातील.

मागणी बेताची ठेवा : ४,७०० रुपये व्याजासह, प्रोसेसर तपासणीचा खर्च, तक्रारीचा खर्च, आणि त्रासापोटी वाजवी रक्कम. बुडालेली कमाई मागायची तर आधीच्या महिन्यांच्या नोंदी दाखवाव्या लागतील. नवा, वरच्या पिढीचा संगणक दुकानदाराच्या खर्चाने मिळणार नाही.

नोटीस गेल्यावर दुकानदार तडजोडीला येईल असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत ‘काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका, आणि बोर्ड देताना अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या.