कोल्हापुरात कुंपणालगत रुगोसा हा जंगली गुलाब लावला तर जगेल का?

रुगोसाच्या मागे लागू नका. तो जपान-कोरियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतला, थंडीत वाढणारा. त्यापेक्षा गावठी गुलाब लावा, ज्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करतात तो. कुणाच्या तरी परसात सापडेलच. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी मागून आणा आणि गणपती झाले की, पाऊस ओसरताना लावा. दोन डोळे मातीत, दोन वर.

आपल्याकडं गुलाब उन्हानं कमी आणि आषाढातल्या पाण्यानं जास्त मरतो. काळ्या मातीत मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडून गळतात, काडी खालून काळी पडत येते. म्हणून फूटभर उंच वरंबा करा, त्यात मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. रोज ५-६ तास ऊन हवंच. छाटणी दसऱ्यानंतर; वाळकं आणि आत वळलेलं आधी काढा.

घरात नर्सरीतलं कलम असेल तर जोडाच्या खाली बघा. तिथनं येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा, आणि खुंट बहुधा जंगली जातीचाच असतो. एरवी तो काढूनच टाकायचा, पण तुम्हाला जंगलीच हवाय ना? मग त्याचीच काडी कुंपणाला लावा.